विहारयात्रा, धम्मयात्रा आणि आपल्या मुलांची सहल



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार पानं लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी लेखक नाही. गिरणीच्या रिंग खात्यात तीन पाळ्यांमध्ये आयुष्य गेलेला कामगार आहे. शाळा लवकर सुटली, पण वाचन सुटलं नाही. जे वाचलं आणि पायांनी फिरून पाहिलं, तेवढंच येथे मांडतो. विषय साधा आहे, शाळेच्या सहलीचा. पण आपल्या परंपरेत या साध्या विषयाला फार जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासात घोटभर पाण्याची किंमतही लिहिलेली आहे.

दिवाळी सरली की मुलं शाळेतून सहलीची चिठ्ठी घेऊन येतात. ठिकाण बहुतेक वेळा एखादा वॉटर पार्क, नाहीतर रिसॉर्ट. मुलं दिवसभर पाण्यात डुंबतात, गाणी म्हणतात, अंधार पडताना दमून घरी येतात. मजेला माझा विरोध नाही. एका खोलीत आणि अरुंद गल्लीत वाढणाऱ्या लेकरांना एक दिवस मोकळं खेळायला मिळालंच पाहिजे. पण दोन गोष्टी मनाला लागतात. पहिली ही, की ज्या घरी सहलीचे पैसे भरायला नसतात, त्या घरचं मूल त्या दिवशी "पोट दुखतंय" म्हणून अंथरुणात पडून राहतं. आई समजते, बाप समजतो, कोणी काही बोलत नाही. दुसरी ही, की जी मुलं जाऊन येतात, त्यांना "काय पाहिलंत रे?" असं विचारलं तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पैसे गेले, दिवस गेला, मुलाच्या डोक्यात भर काय पडली? हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे, कारण उघड्यावर, झाडाखाली, चालता चालता शिकवण्याची रीत आपल्याच परंपरेत मोठी झाली.

जीवकाची परीक्षा

विनयपिटकात जीवकाची गोष्ट येते. जन्मताच उकिरड्यावर टाकून दिलेलं हे मूल. राजपुत्र अभयाने त्याला उचलून वाढवलं. मोठा झाल्यावर तो तक्षशिलेला वैद्यकी शिकायला गेला. सात वर्षं शिकला. शेवटी गुरूंना म्हणाला, हे शास्त्र संपणार तरी कधी? गुरूंनी त्याला पाठ म्हणायला बसवलं नाही. हातात कुदळ दिली आणि सांगितलं, तक्षशिलेच्या चहूबाजूंना एक योजन फीर, आणि जिचा औषधाला उपयोग नाही अशी वनस्पती दिसेल ती घेऊन ये. जीवक रानोमाळ हिंडला आणि रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, औषधाला उपयोगी नाही असं एकही झाड मला दिसलं नाही. गुरू म्हणाले, तुझं शिक्षण पुरं झालं.

हाच जीवक पुढे बिंबिसार राजाचा आणि खुद्द तथागतांचा वैद्य झाला. विचार करा, त्याची परीक्षा चार भिंतींच्या आत झाली नाही, रानात झाली. आणि ज्या मुलाला लोकांनी निरुपयोगी म्हणून फेकून दिलं होतं, त्यानेच जगात निरुपयोगी काही नाही असा निकाल दिला. आजच्या भाषेत याला क्षेत्रभेट म्हणतात.

तथागतांचं आयुष्यही झाडांच्या सोबतीनेच गेलं. लुंबिनीच्या वनात जन्म, पिंपळाखाली ज्ञानप्राप्ती, सारनाथच्या मृगवनात पहिलं प्रवचन, कुशीनाऱ्याला दोन शालवृक्षांच्या मध्ये महापरिनिर्वाण. कौशांबीजवळच्या शिंसपावनात त्यांनी मूठभर पानं हातात घेतली आणि भिक्षूंना विचारलं, ही पानं जास्त की या वनातली जास्त? मग समजावलं, की मला जे ठाऊक आहे ते वनातल्या पानांइतकं आहे, पण दुःख संपवायला जे लागतं तेवढंच, या मुठीएवढं, मी तुम्हाला सांगितलं. राहुलला खोटं बोलण्याचा तोटा शिकवताना त्यांनी भांड्यात उरलेलं थोडं पाणी दाखवलं, ते ओतून दिलं, रिकामं भांडं पालथं केलं. हातातली वस्तू दाखवून शिकवायचं, म्हणजे शिकवलेलं विसरत नाही. हल्लीचे शिक्षणतज्ज्ञ जे मोठमोठ्या शब्दांत सांगतात, ते आपल्या सुत्तांमध्ये इतकं साधं आहे.

सोपाऱ्याचा दगड

आता सम्राट अशोकाकडे येऊ. त्याच्या आठव्या शिलालेखात सहलीविषयीच लिहिलेलं आहे. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. येथे विहारयात्रा म्हणजे आपल्या बुद्धविहाराची यात्रा नव्हे. त्या काळी विहार करणं म्हणजे मौजमजा करत फिरणं, म्हणून विहारयात्रा म्हणजे मौजेची सहल. तिच्यात शिकार असे आणि तशाच करमणुकी असत. अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, त्यांना दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं आणि त्यांच्याशी धम्माची चर्चा, एवढी कामं असत. आणि यात मला जास्त आनंद मिळतो, असंही राजा सांगतो.

म्हणजे सहल बंद करा असं अशोक म्हणाला नाही. सहलीचा हेतू त्याने बदलला. राजा जनावरं मारायला जात होता, तो माणसं भेटायला जाऊ लागला.

आणि हा लेख लांब कुठे नाही, आपल्या दारात सापडला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली नालासोपाऱ्याजवळच्या जुन्या सोपारा गावी या आठव्याच शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी तिथला स्तूप उकरला, ज्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. आत धातूंचे करंडक आणि काशाच्या आठ बुद्धमूर्ती निघाल्या. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचाही तुकडा मिळाला. १९५६ हे साल आपल्यासाठी काय आहे ते मी सांगायला नको. हे दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. लोकलचं तिकीट काढून आपल्या मुलांना तिथे नेता येतं. राजाने दगडावर कोरलेला सहलीचा धडा पोरांना डोळ्यांनी बघता येतो, आणि आपण त्यांना वॉटर पार्कच्या रांगेत उभं करतो.

लोहाराची वाट, सोनाराचं पाणी

सोपारा हे तेव्हा मोठं बंदर होतं, कल्याण ही मोठी बाजारपेठ होती. तिथल्या लोकांच्या दानातून जवळच्या डोंगरात लेणी उभी राहिली, ती कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षं तिथे भिक्षुसंघ नांदला. शंभराहून जास्त लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. अकराव्या लेण्यात कातळातच कोरलेले दोन लांबच लांब बाक आहेत. मुलांना त्या बाकांजवळ नेलं की त्यांना लगेच शाळा आठवते. भिक्षू तिथे एकत्र बसत, असं मी त्यांना सांगतो. 

पण मला कान्हेरीत सर्वात मोलाचे वाटतात ते तिथले छोटे छोटे शिलालेख. ब्राह्मी लिपीत आणि त्या वेळच्या लोकांच्या प्राकृत बोलीत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यात व्यापारी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत, घरगृहस्थीच्या बायाही आहेत. कल्याणच्या एका लोहाराने डोंगरावर वाट करून दिली, त्याचं नाव नंद. कल्याणच्याच स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. लेखात त्याला पाणियपोढी म्हटलं आहे, पोढी म्हणजे टाकं. कार्ल्याच्या लेण्यात दाराचं काम देणारा सामी नावाचा सुतार आहे, धेनुकाकट गावचा. लोहार, सोनार, सुतार! हाताने काम करणाऱ्या माणसांची नावं राजांच्या नावांच्या जोडीने दगडावर आहेत. एका सहलीत सातवीतल्या मुलीने मला विचारलं, "काका, लोहाराचं नाव इथे कसं? इतिहासाच्या पुस्तकात तर राजेच असतात." मी म्हटलं, बाई, म्हणूनच तुला इथवर चालत आणलं.

आता पाण्याकडे बघा. डोंगरावर नदी नाही, विहीर नाही. मग एवढा संघ पाणी काय पीत होता? पावसाचं. कातळाच्या उतारावर बारीक पन्हाळी कोरल्या आहेत, त्यांतून पाणी लेण्यालेण्यांच्या पोढ्यांत उतरतं. पावसाळ्यानंतर गेलात तर कित्येक पोढ्या आजही भरलेल्या दिसतील. पावसाचं पाणी साठवा म्हणून आज सरकार पत्रकं काढतं, ते काम या मंडळींनी छिन्नी-हातोड्याने करून ठेवलं. याच जंगलात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० साली आणि तुळशी १८७९ साली बांधून झाला. मुंबईच्या नळाला त्यांचंही पाणी येतं. डोंगर, झाड, पाऊस, टाकं आणि आपल्या घरातला हंडा हे एकाच साखळीचे दुवे आहेत, हे मुलाला वर्गात दहा वेळा सांगून कळत नाही. पोढीच्या काठावर बसवलं की एका वेळेला कळतं.

नव्वदाव्या लेण्यात पारशी लोकांची पहलवी लिपीतली नावं आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ सालची. लेणी बघायला आलेले पाहुणे आपली नावं कोरून गेले. हे ऐकलं की मुलांच्या हाताला खाज सुटते! त्यांना लगेच सांगायचं, आज कोणी तिथे नाव कोरलं तर तो कायद्याने गुन्हा आहे. हजार वर्षांचा दगड आपल्या एका खिळ्याने बिघडतो.

एका मुलाचा प्रवास, एका नेत्याची सहल

ज्या १८८२ साली सोपाऱ्याचा दगड सापडला, त्याच साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचं ज्ञान द्या, आणि जमेल तिथे नमुन्याच्या शेतावर प्रत्यक्ष काम दाखवून द्या, असं त्यांनी त्यात मागितलं. पुस्तकी विद्या आपल्या मुलांना पुरी पडणार नाही, हे तात्यांनी इतक्या आधी ओळखलं होतं.

पुढे १९०१ साल आलं. त्या वर्षाच्या अखेरीस रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात शाळा काढली. तिथे झाडाखाली वर्ग भरत. मुलं निसर्गात वाढावीत म्हणून त्या शाळेचं जगभर नाव झालं, ते योग्यच झालं. पण त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात एक मुलगा आपल्या भावंडांबरोबर प्रवासाला निघाला होता. वय नऊ-दहा वर्षांचं. उन्हाळ्याची सुट्टी, नवे कपडे, बरोबर भरपूर खाणं, वडिलांना भेटायची हौस. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुलं महाराची आहेत हे कळलं आणि सगळं फिरलं. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, पण रात्रभर वाटेत कोणी पाणी दिलं नाही. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून मुलं उपाशी झोपली. वडील रामजीबाबा त्या वेळी दुष्काळी कामावर खजिनदार होते, आणि ते काम तलाव खोदण्याचं होतं. बाप तलावाच्या कामावर, आणि लेकरं तहानलेली! तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

तिथेच त्यांनी १९३४ सालच्या सहलीचीही हकीकत लिहिली आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटलं, कुठेतरी फिरायला जावं. बाबासाहेबांनी होकार दिला. काहीही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असं ठरलं. तीसेक माणसं निघाली. तेव्हाच्या औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दारातल्या भरलेल्या हौदावर हातपाय-तोंड धुतलं. एवढ्यावरून पाणी बाटवलं म्हणून मुसलमान मंडळींचा जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही इथलं पाणी घेऊ देणार नाही का? त्यावर जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. का, तर आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

हे मी कोणा एका धर्माला नावं ठेवायला सांगत नाही. बाबासाहेबांनाही ते दाखवायचं नव्हतं. अस्पृश्यतेचं विष सगळ्या समाजांत कसं भिनलं होतं, ते त्यांनी दाखवलं. चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला हाती घेतल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. बॅरिस्टर झालेला, विलायतेत गोलमेज परिषद गाजवून आलेला माणूस आपल्याच पूर्वजांची लेणी पाहायला निघतो, आणि वाटेत त्याच्यावर पाण्यासाठी पहारा बसतो. आणि ज्या लेण्यांकडे तो निघाला होता, तशाच लेण्यांत कित्येक शतकांपूर्वी एका सोनाराने येईल त्याला पाणी मिळावं म्हणून टाकं दिलं होतं. मधल्या काळात या देशाचं काय हरवलं, हे मुलांना समजवायला याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

बाबासाहेब कडवट होऊन बसले नाहीत. त्याच औरंगाबादेत १९५० साली त्यांनी महाविद्यालय काढलं. त्याला मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद हा प्रश्न विचारणारा, भंते नागसेन उत्तर देणारे. शिकण्याच्या जागेला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दिलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता आपण काय करायचं?

पर्यावरण हा विषय देशातल्या प्रत्येक शाळेत शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. त्याप्रमाणे पुस्तकं निघाली, परिसर अभ्यासाचे तास लागले. पण परिसर बहुतेक करून पुस्तकातच राहिला. मूल बहाव्याचं चित्र रंगवतं, बहावा ओळखत नाही. शाळेला आपण जरूर सांगावं. पालकसभेला गप्प बसू नये. पण शाळेची वाट बघत विहारानेही थांबू नये.

माझी सूचना अशी. पावसाळा संपला की दरवर्षी विहारातर्फे मुलांची एक धम्मयात्रा निघावी. पहिल्या वर्षी कान्हेरी. दुसऱ्या वर्षी सोपारा आणि वस्तुसंग्रहालय. तिसऱ्या वर्षी पैसे साठवून दौलताबाद आणि वेरूळ. दौलताबादच्या हौदापाशी सगळ्या मुलांना उभं करावं, १९३४ ची हकीकत सांगावी, आणि मग आपापल्या बाटलीतलं पाणी मुलांनी एकमेकांना द्यावं. भाषणाची गरज पडणार नाही. वेरूळला चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, मधली हिंदू, शेवटची पाच जैन. ती तिन्ही दाखवावीत. दुसऱ्याचंही आदराने पाहायला शिकणं हे अशोकाच्या धम्मात बसतं.

पैशांसाठी एकही मूल मागे राहू नये. ज्याला जमेल त्याने दोन मुलांचे भरावेत, आणि कोणी कोणाचे भरले हे जाहीर करू नये. मुलींना पाठवायला घरचे का-कू करतात, तर आयांनीच बरोबर यावं. दोन आया आल्या की दहा मुली येतात.

मुलांजवळ वही-पेन्सिल असावी. प्रत्येक लेण्यापाशी तीन प्रश्न विचारावेत. हे दान कोणी दिलं? कातळ फोडून हे कोरलं कोणी? आणि इथे पाणी कुठून येत होतं? पहिल्याचं उत्तर कधी कधी शिलालेखात मिळेल. दुसऱ्याचं उत्तर बहुधा मिळणार नाही. छिन्नी मारणाऱ्याचं नाव क्वचितच कोरलं जातं, हे गिरणी कामगाराच्या मुलांना पटकन समजतं. तिसऱ्याचं उत्तर त्यांनी स्वतः पन्हाळीमागे चालत शोधावं. जाता-येता साग, ऐन, पळस, काटेसावर ओळखावी. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी दाखवावी. जंगलात आदिवासी पाडे आहेत, तिथली माणसं आपल्यापेक्षा जास्त झाडं ओळखतात. त्यांना नमस्कार करून विचारावं. बिबट्याचं घर आहे, म्हणून मुलांनी एकत्र राहावं, आरडाओरडा करू नये. प्लॅस्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नये. चैत्यगृहात गेल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी शांत बसावं. तिथली शांतताही शिकवते.

आपल्यातल्या पुष्कळ मुलांना अजून वाटतं, की इतिहास म्हणजे दुसऱ्यांच्या आजोबा-पणजोबांची गोष्ट. लोहाराने केलेल्या वाटेवर त्यांचे पाय एकदा लागू द्या. त्या वाटेने चालायला तेव्हा कोणाची जात विचारली गेली नव्हती, हे त्यांना तिथे उभं राहून कळू द्या. वर्धापनदिनाच्या जमाखर्चात यंदा मंडप, लाऊडस्पीकर आणि भोजनदानाच्या जोडीने आणखी एक ओळ घालावी, मुलांची धम्मयात्रा, अशी मंडळाला माझी नम्र विनंती आहे. पहिल्या वर्षीच्या दोन मुलांचे पैसे मी कार्यकर्त्यांकडे जमा केले आहेत.

नमो बुद्धाय! जयभीम!